झाकली मूठ आणि भरला हात

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपल्या भाषेंत इतकी रुळली आहे, कीं तिचा अर्धाच अर्थ आपण वापरतों ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. मूठ रिकामी असली तर ती झाकून ठेवावी, म्हणजे पाहणाऱ्यास तिच्यांत लाखाचा माल दिसतो. एवढ्यापुरतीच ही म्हण आपण योजतों. परंतु मूठ खरोखरच भरलेली असली तर काय करावें? ती तशीच झाकून ठेवावी तर तिचें मोल कोणी देत नाहीं, आणि उघडावी तर मोल देणारा उठून जातो. ह्या दुसऱ्या अडचणीविषयीं म्हण मुकी आहे. आणि आमच्या मतें आपलें वाङ्मयहि ह्या बाबतींत बहुतेक मुकेंच राहिलें आहे.

आपल्या वाङ्मयांत जुगाऱ्यांची वाण आहे असें मात्र नाहीं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळांतील ३४ वें सूक्त म्हणजे एका द्यूतकाराचा विलापच होय. सासू त्याचा द्वेष करते, बायको त्यास दूर लोटते, आणि तरीहि फांशांचा आवाज कानीं पडतांच त्याचे पाय सभेकडे वळतात. मृच्छकटिकाच्या दुसऱ्या अंकांत दहा सुवर्ण हरलेला संवाहक ओसाड देवळांत शिरून मूर्तीप्रमाणें निश्चल उभा राहतो. गोविंद बल्लाळ देवलांनीं तें नाटक मराठी रंगभूमीवर आणिलें, तेव्हांपासून तर मराठी प्रेक्षकास शूद्रकाची सृष्टि घरची वाटूं लागली. नलराजाची कथा लहान मुलांसहि ठाऊक आहे. ह्या सर्वांत एक गोष्ट समान आहे : कवीचें सारें लक्ष हरणाऱ्यावर आहे. जिंकणारा हा एक तर पडद्याआड उभा असतो, नाहीं तर केवळ दुष्ट म्हणून रंगविला जातो. तो कसा जिंकला, हातीं उत्तम पानें आल्यावर त्यानें काय केलें, काय करावयाचें टाळलें, हें विचारण्याची कोणास गरजच भासली नाहीं.

ही गरज भासावयास हवी होती असें आमचें म्हणणें आहे. ‘जुगाराचें शिक्षण वाङ्मयाच्या मासिकांत कशाला?’ असा आक्षेप येथें येईल. त्यास आमचें उत्तर असें, कीं आम्ही कोणासहि पत्ते कुटावयास सांगत नाहीं. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा केला, त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. आणि वऱ्हाडांत पोळ्याच्या व करीच्या सुमारास जे डाव रंगतात, त्यांतून किती संसारांचा रंग उडतो हें आम्ही जाणतों. परंतु भरला हात कसा खेळावा हा प्रश्न पत्त्यांपुरता नाहीं. ज्याच्यापाशीं कांहीं बळकट आहे, आणि त्याचें मोल ज्यास दुसऱ्याकडूनच मिळवावयाचें आहे, अशा प्रत्येकाचा तो प्रश्न आहे.

प्रथम पत्त्यांचें गणित पाहूं. आपल्याकडे घरोघर माहीत असलेल्या तीन पत्तींत तीन पानांचे एकंदर २२,१०० हात संभवतात, आणि त्यांपैकीं तीन सारख्या पानांचे केवळ ५२. म्हणजे ४२५ वेळां पानें वाटावीं तेव्हां सरासरीनें एकदां असा हात येणार. पांच पानांच्या पोकरांत २५,९८,९६० हातांपैकीं चार सारख्या पानांचे ६२४ आणि एकाच रंगाच्या सलग पांच पानांचे फक्त ४० आहेत. इतका दुर्मिळ हात आला, खेळणाऱ्यानें हर्षानें मोठी चाल केली, आणि बाकीच्यांनीं निमूटपणें पानें टाकलीं, तर त्यास मिळतो केवळ आरंभींचा बूट. नवशिका खेळाडू अशा वेळीं ‘मी जिंकलों’ असें म्हणतो. जाणता म्हणतो, ‘मी गमावलें.’ हरण्याच्या दुःखावर काव्यें झालीं. परंतु थोडें जिंकण्याचें हें दुःख कवींच्या दृष्टीस पडलेलेंच नाहीं.

मग हात लपवावा काय? येथेंहि सामान्य समजूत फसते. मध्यें १०० रुपये पडले आहेत आणि पैसे लावण्याच्या तीन फेऱ्या उरल्या आहेत असें धरा. प्रत्येक फेरींत ढिगाइतकीच रक्कम लावली आणि समोरच्यानें तितकीच घातली, तर ढीग १०० चा ३००, ३०० चा ९०० आणि ९०० चा २,७०० होतो. भरल्या हाताचा धनी पहिल्या फेरींत धूर्तपणानें गप्प बसला, तर त्याच ढिगाचे शेवटीं ९०० च होतात. एका फेरीच्या मौनाची किंमत दोन तृतीयांश! ढीग बेरजेनें नव्हे, गुणाकारानें वाढतो. म्हणून आरंभींची लहान चाल शेवटच्या मोठ्या चालीची आई असते. उलट, अति मोठी चालहि वायां जाते. ढिगाच्या निम्मी रक्कम मागितली असतां समोरचा दहांपैकीं सहा वेळां देईल, ढिगाइतकी मागितल्यास चार वेळां, आणि दुप्पट मागितल्यास एकदांच, असें समजा. तर १०० च्या ढिगावर ह्या तीन चालींची सरासरी कमाई अनुक्रमें ३०, ४० आणि २० होते. अर्थात् सर्वांत मोठी मागणी सर्वांत फायद्याची नव्हे, आणि सर्वांत अधिक वेळां मान्य होणारीहि नव्हे. मध्यें कोठें तरी एक बिंदु असतो, आणि तो आपल्या पानांत नसून समोरच्या माणसाच्या मनांत असतो.

ह्या विद्येचे ग्रंथ अमेरिकेंत पुष्कळ झाले. हर्बर्ट यार्डली ह्या गुप्तलिपितज्ज्ञाचें ‘द एज्युकेशन ऑफ अ पोकर प्लेअर’ (१९५७) हें त्यांतील वाचनीय म्हणतां येईल. त्यांत माणसें आहेत, गुत्त्यांचा धूर आहे, आणि उपदेश गोष्टीच्या पोटांतून येतो. डेव्हिड स्क्लान्स्की ह्यांचें ‘द थिअरी ऑफ पोकर’ (१९८७) हें तर्काच्या दृष्टीनें अधिक पक्कें, परंतु रसाच्या दृष्टीनें कोरडें. तथापि भरला हात मुद्दाम मंद खेळावा तो केव्हां, ह्याचें त्यांतील विवेचन मार्मिक आहे : हात फारच बळकट असावा, चाल करतांच समोरचा पळून जाण्याची भीति असावी, आणि एक पान फुकट दाखविल्यानें त्याचा हात आपल्याहून वरचढ न होतां, पैसे लावण्याइतपत मात्र सुधारावा. ह्या अटी क्वचितच जुळतात. म्हणूनच लपविण्याचा मोह हा बहुधा धूर्तपणा नसून धूर्तपणाचा डौल असतो. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न ह्यांच्या १९४४ च्या प्रसिद्ध ग्रंथानें तर हूल देण्याची उपपत्तिच बदलली. दुबळ्या हातावर मोठी चाल करणें हें केवळ तो एक डाव मारण्यासाठीं नसतें; तशी चाल अधूनमधून करणाऱ्याच्या खऱ्या हातावरच लोक पैसे लावतात. जो कधींच हूल देत नाहीं त्याची चाल म्हणजे दवंडी. ती ऐकून सारे घरीं जातात.

ह्या सर्व ग्रंथांत एक उणीव आहे. भरल्या हातानें किती काढावें हें ते सांगतात; कोठें थांबावें हें सांगत नाहींत. त्यांच्या हिशोबांत डाव संपला कीं संबंध संपला. ही उणीव भरून काढणारा ग्रंथ आमच्या घरांत आहे. आम्ही तो ह्या दृष्टीनें वाचलेला नाहीं, इतकेंच.

महाभारताच्या सभापर्वांतील द्यूतप्रसंग घ्या. शकुनीचे फांसे त्याच्या बापाच्या हाडांचे होते, ही लोककथा मूळ भारतांत नाहीं. तेथें इतकेंच आहे, कीं त्याचा विजय निश्चित होता. मग तो कौशल्यानें असो वा कपटानें. तेव्हां प्रश्न जिंकण्याचा नव्हताच. प्रश्न होता किती जिंकावयाचें हा. शकुनीचा पहिला गुण असा, कीं तो पानें पाहण्याआधीं माणूस पाहतो. युधिष्ठिरास द्यूत आवडतें, परंतु खेळतां येत नाहीं, आणि आव्हान आलें असतां त्याच्यानें नाहीं म्हणवत नाहीं, असें तो दुर्योधनास आधींच सांगून ठेवतो. दुसरा गुण असा, कीं पण काय लावावा हें तो स्वतः सांगत नाहीं. मणि युधिष्ठिर लावतो. सोन्यानें भरलेलीं भांडीं, रथ, दासदासी, हत्ती, घोडे हीं सारीं युधिष्ठिरच लावतो. शकुनि फांसे टाकतो आणि जिंकल्याचें एका शब्दांत सांगतो. मध्यंतरीं विदुर सभेस सावध करूं पाहतो, त्यानंतर शकुनि केवळ विचारतो, ‘पुष्कळ हरलास, आणखी कांहीं उरलें असल्यास सांग.’ हा प्रश्न नव्हे, ही चाल आहे. मानी पुरुषास ‘उरलें आहे काय’ असें विचारलें म्हणजे तो ‘अगणित आहे’ असेंच म्हणणार; आणि युधिष्ठिर तसेंच म्हणतो. नकुल आणि सहदेव गेल्यावर तर शकुनि, ‘माद्रीचे पुत्र गेले, भीमार्जुन तुला अधिक प्रिय दिसतात’ असा डंख मारतो, आणि अर्जुन पटावर येतो. समोरच्यानें आपली रक्कम आपल्याच अभिमानानें वाढवीत न्यावी, आणि वाढविणाऱ्यास ती आपलीच इच्छा वाटावी, ह्याहून भरल्या हाताचा श्रेष्ठ खेळ यार्डली किंवा स्क्लान्स्की ह्यांच्या ग्रंथांत आम्हांस आढळला नाहीं.

आणि मग शकुनि चुकतो. युधिष्ठिर स्वतःस हरल्यावर शकुनि प्रथमच पणाचें नांव घेतो : द्रौपदी अजून उरली आहे, तिला लावून स्वतःस सोडवून घे. ह्या एका वाक्यानें खेळाचें स्वरूप पालटतें. आतांपर्यंत दिलें जात होतें. आतां मागितलें गेलें. परिणाम काय झाला? स्वतः हरलेल्यास दुसऱ्यास पणास लावण्याचा अधिकार उरतो काय, ह्या द्रौपदीच्या एका प्रश्नानें सारी सभा निरुत्तर झाली, अपशकुन झाले, आणि घाबरलेल्या धृतराष्ट्रानें वर दिले. पहिल्यानें युधिष्ठिर सुटला, दुसऱ्यानें त्याचे भाऊ रथ आणि धनुष्यांसह सुटले. तिसरा वर द्रौपदीनें घेतला नाहीं. मागोमाग राज्यहि परत मिळालें. म्हणजे सर्वस्व जिंकलेल्या शकुनीच्या हातीं दिवसाच्या शेवटीं एक कवडीहि उरली नाहीं! नंतरच्या अनुद्यूतांत तो शहाणा झालेला दिसतो : एकच डाव, एकच पण, बारा वर्षें वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास, समोरच्यास पाळतां येईल अशी अट. तथापि पहिल्या दिवशीं ओरबाडलेल्याचा हिशोब पुढें कुरुक्षेत्रावर झालाच. व्यासांनीं हा प्रसंग द्यूताची निंदा म्हणून लिहिला असें आपण समजतों. आमच्या मतें त्यांत अधिक खोल गोष्ट आहे : समोरच्यास हरण्याइतकेंहि जो शिल्लक ठेवीत नाहीं, त्याचा विजय कोणी मान्य करीत नाहीं.

ह्याच्या शेजारीं नलाचा शेवटचा डाव ठेवून पाहावा. ऋतुपर्णाकडून अक्षहृदय शिकून आलेला नल पुष्कराकडे परततो. आतां भरला हात नलाचा आहे. तो शकुनीसारखा थेंबथेंब काढीत नाहीं. मिळविलेलें सारें धन आणि खुद्द दमयंती एकाच वेळीं पणास लावून त्याच्या सर्व राज्याची मागणी करतो. गणिताप्रमाणें एवढी मोठी चाल पाहून पुष्करानें उठून जावयास हवें होतें. तो जात नाहीं, उलट हर्षित होतो. कारण पूर्वीं त्याला सारें मिळालें, फक्त दमयंती मिळाली नव्हती. ज्याच्या मनांत लोभ दबून बसला आहे आणि जो मागील विजयानें धुंद आहे, त्याच्यापुढें मोठी चालच योग्य, हें नल ओळखून आहे. एका फांशांत तो सारें परत घेतो, आणि लगेच पुष्करास जीव व त्याचा स्वतःचा वांटा देऊन सन्मानानें घरीं पाठवितो. शकुनि आणि नल ह्यांच्यांतील भेद कोणाचा हात बळकट होता हा नव्हे. भेद थांबण्याचा आहे. रघुनाथ पंडितांच्या प्रसिद्ध आख्यानानें मराठी रसिकांच्या मनांत नलाचें स्वयंवर ठसविलें. हा परतीचा डाव मात्र आपल्या कवितेंत त्या तोलाचा कवि मिळण्याची वाट पाहत राहिला.

आतां हा प्रश्न पुराणांतून शेतांत आणूं. जुगाऱ्याचा विलाप सांगून झाल्यावर ऋग्वेदांतील सूक्तकार त्यास उपदेश करतो, कीं फांसे टाकून दे आणि शेत नांगर. वरूडच्या संत्रेवाल्यास हा उपदेश ऐकून हंसूं येईल. सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेल्या अमरावती जिल्ह्यांतील ह्या तालुक्यांत शेत नांगरणें हेंच सर्वांत मोठें द्यूत आहे. झाडांस ताण द्यावयाचा, तो बरोबर बसला तर जानेवारी-फेब्रुवारींत आंबिया बहर फुटावयाचा, आणि मग आठनऊ महिने गारपीट, कोळशी, फळगळ आणि विहिरीचें पाणी ह्यांच्याशीं एकामागून एक डाव खेळावयाचे. इतकें करून एखाद्या वर्षीं फांद्या जमिनीस टेकतील असा बहर येतो. शेतकऱ्याच्या हातीं तीन एक्के येतात. परंतु ते उघडे येतात! बाग झाडावरच पाहून ठोक घेणारा व्यापारी बांधावरून एक फेरी मारतो आणि शेतकऱ्याचीं सारीं पानें वाचतो. गुरांच्या बाजारांत निदान रुमालाखालीं बोटें धरून सौदा होतो. झाडावरच्या संत्र्यास रुमाल कोठून आणावा?

पोकरची दुसरी एक कठोर गोष्ट येथें खरी ठरते. भरल्या हाताचें मोल आपल्या पानांनीं ठरत नाहीं. समोरच्यापाशींहि कांहीं आहे, आणि त्याला तें पुरेसें वाटतें, ह्यानें ठरतें. ज्या वर्षीं वरूडास बहर फुटतो त्या वर्षीं मोर्शीसहि फुटतो आणि शेंदूरजना घाटासहि फुटतो. सर्वांच्या हातीं एक्के आले म्हणजे एक्क्यास भाव राहत नाहीं. त्यांत समोर बसणारे गिऱ्हाइकहि कधीं आपलें ताट आंखडून घेतें. २०१९ नंतर बांगलादेशानें संत्र्यावरील आयातशुल्क चढवीत नेलें, त्याचा फटका नागपुरी संत्र्याच्या निर्यातीस बसला, हें ताजें उदाहरण आहे. बरें, ‘भाव येईपर्यंत थांबतों’ असें म्हणावें, तर तो मंद खेळ झाला. आणि मंद खेळाची किंमत येथें झाडाखालीं रोज सकाळीं गळून पडलेली दिसते. व्यापाऱ्यास हें ठाऊक असतें. तो इसार देऊन निघून जातो, आणि तोड लांबवितो. थांबण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे तोच खरा भरल्या हाताचा धनी. पानें कोणाच्याहि हातीं असोत. म्हणून माल टिकविण्याची सोय आणि चार बागाईतदारांनीं मिळून एका तोंडानें भाव सांगण्याची हिंमत, ह्याच शेतकऱ्याच्या दोन झांकलेल्या मुठी होत. त्या नसल्या तर बहर हा केवळ देखावा आहे.

ह्या माणसाची कथा मराठींत कोठें आहे? वऱ्हाडच्या दारिद्र्याची कथा आहे, आणि ती मोठ्या ताकदीनें लिहिली गेली आहे. उद्धव शेळके ह्यांच्या ‘धग’ (१९६०) मधील कौतिक ज्यानें एकदां पाहिली तो तिला विसरणार नाहीं. परंतु ती रित्या हातांची कथा आहे. दुष्काळानें मोडलेला शेतकरी आमच्या लेखकांस दिसतो. सुकाळानें मोडलेला दिसत नाहीं. भरलेल्या बागेंत उभा राहून जो हिशोब करतो, ज्याला आपलें बळ दिसतें आणि तें विकतां येत नाहीं हेंहि दिसतें, त्याचें दुःख रडण्याचें नसल्यामुळें आमच्या करुणरसाच्या सांच्यांत बसत नाहीं. त्याचप्रमाणें जिंकणाराहि बसत नाहीं. त्यास खलनायक केलें कीं आपली जबाबदारी संपली असें आम्हांस वाटतें. परंतु शकुनि केवळ दुष्ट असता तर युधिष्ठिर तिसऱ्या पणालाच उठला असता. समोरच्याच्या अभिमानाचें इतकें सूक्ष्म ज्ञान असलेला माणूस दुष्ट म्हणून सोडून देणें हा वाङ्मयाचा आळस होय.

आमची मागणी मोठी नाहीं. हरणाऱ्याविषयीं दया बाळगावी, परंतु जिंकणाऱ्याविषयीं कुतूहलहि बाळगावें. तो कोणत्या क्षणीं बोलला, कोणत्या क्षणीं गप्प राहिला, समोरच्याच्या मनांतील कोणत्या तारेस त्यानें हात घातला, आणि मुख्य म्हणजे कोठें थांबला, हें ज्या लेखकास दाखवितां येईल त्यास द्यूतसभेपासून संत्र्याच्या आडतीपर्यंत सर्वत्र विषय सांपडतील. बळ मिळणें हा दैवाचा भाग. ४२५ त एकदां तें कोणाच्याहि वांट्यास येतें. त्याचें मोल मिळविणें ही विद्या आहे. आणि मोल मिळवून समोरच्यास पुन्हां पटावर बसण्याइतकें शिल्लक ठेवणें हें शहाणपण, जें शकुनीस एक दिवस उशिरा सुचलें आणि नलास वेळेवर.